पावती म्हणजे परवाना नव्हे! वडोदऱ्यात रस्त्याची जागा वापरायची तर नियम काय सांगतो?

वडोदरा : गणपतीचा मंडप, दुकानापुढचं शेड, नाश्त्याची लारी, घर बांधताना रस्त्यावर उतरवलेली रेती, चौकातलं होर्डिंग आणि फुटपाथ खोदून टाकलेली केबल. वरवर पाहिलं तर या सहा गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांमागचा प्रश्न एकच आहे. जी जागा सगळ्यांच्या जाण्यायेण्याची आहे, ती कुणा एकाला काही काळ वापरायला मिळू शकते का? आणि मिळत असेल तर कुणाच्या सहीने, किती दिवस आणि कोणत्या अटींवर?

मंगळ बाजार, न्याय मंदिर, मांडवी या भागात दबाण हटाव मोहीम आली की हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहतो. गाडी येते, सामान उचललं जातं, दोन दिवस रस्ता मोकळा दिसतो आणि मग पुन्हा पथारे लागतात. यात पथारेवाला, दुकानदार, रहिवासी आणि पालिका अशा चौघांचंही म्हणणं असतं. प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं, पण कायदा नेमका काय म्हणतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दोन राज्यं, कायदा एकाच घरचा

नवापूर स्टेशनवर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. महापालिकांच्या कायद्याचंही थोडं तसंच आहे. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आला. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, पण दोन्हीकडे हाच कायदा चालू राहिला. पुढे नावं तेवढी बदलली. इकडे तो गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम झाला आणि तिकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. दोन्ही राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या, पण रस्त्याविषयीच्या कलमांचा सांगाडा बराचसा तोच आहे. त्यामुळे वडोदऱ्यातल्या दुकानदाराला लागू होणारं कलम नाशिक, धुळे, जळगावच्या दुकानदारालाही ओळखीचं वाटेल. मुंबई शहराचा कायदा १८८८ चा आणि वेगळा आहे. नगरपालिका असलेल्या गावांना, तसंच बेळगाव आणि इंदूरला त्यांच्या त्यांच्या राज्याचे कायदे लागू होतात. तत्त्व मात्र सगळीकडे सारखंच आहे.

शब्द तेवढे बदलतात. महाराष्ट्रात ज्याला अतिक्रमण म्हणतात, त्याला इथे ‘दबाण’ म्हणतात. तिकडची हातगाडी ही इथली लारी, टपरी म्हणजे गल्ला आणि पथारी म्हणजे पथारा. खंडेराव मार्केटच्या इमारतीतून चालणाऱ्या वडोदरा महानगर सेवा सदनात या कामाला ‘दबाण शाखा’च आहे.

आधी बघा, रस्ता कुणाचा?

कायद्याच्या कलम २०२ नुसार शहरातले सार्वजनिक रस्ते महापालिकेच्या ताब्यात असतात. पालिका त्यांची मालक आहे, पण हे मालकपण विश्वस्ताचं आहे. रस्ता जाण्यायेण्यासाठी आहे, आणि पालिकेलाही तो कुणा एकाला कायमचा देऊन टाकता येत नाही.

शहरातला प्रत्येक रस्ता मात्र पालिकेचा नसतो. राष्ट्रीय महामार्गाचा पट्टा केंद्राच्या यंत्रणेकडे असतो आणि काही रस्ते राज्याच्या मार्ग व मकान विभागाकडे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बांधकाम विभागासारख्या खात्याकडे असतात. सोसायटीच्या आतला रस्ता खासगीही असू शकतो. चुकीच्या कार्यालयाची परवानगी कितीही खरी असली तरी तिचा उपयोग शून्य. हायवेला लागून हॉटेल किंवा पंप टाकणाऱ्यांना हे लवकर कळतं, कारण तिथे महामार्गाच्या यंत्रणेची परवानगी घ्यावी लागते, वॉर्ड ऑफिसचा कागद पुरत नाही.

दुसरा घोळ होतो रस्तारेषेचा. जुन्या शहरात दुकानापुढचा ओटला ‘आमच्या कागदात आहे’ असं लोक सांगतात. ते खरंही असू शकतं. पण महापालिकेने त्या रस्त्याची नियमित रेषा ठरवली असेल, तर रेषेच्या आतल्या भागावर नव्याने काही बांधण्याला बंधनं येतात. नवीन भागात हेच काम टीपी स्कीम करते. म्हणून नवं शेड टाकण्याआधी मालमत्तेचा कागद बघावा आणि रस्तारेषाही बघावी. एक बघून दुसरं सोडलं की पुढे नोटीस येते.

पायरी, शेड, बाक, शिडी

कलम २२९ म्हणतं की आयुक्तांच्या परवानगीशिवाय रस्त्यावर भिंत, कुंपण, खांब, पायरी, स्टॉल असं काहीही उभारता येणार नाही. उघड्या गटारावर किंवा नाल्यावरही नाही. दुकानासमोरच्या गटारावर फरशी टाकून ‘जागा वाढवली’ म्हणणारे इथेच अडकतात.

कलम २३० त्याही पुढे जातं. ते बांधकामाबद्दल बोलत नाही, ठेवलेल्या वस्तूंबद्दल बोलतं. खुर्ची, बाक, पेटी, शिडी, गाठोडं अशा वस्तूंची नावंच त्यात आहेत. दुकानाबाहेर काढून ठेवलेला पुतळा, कपड्यांचा स्टँड, गॅरेजवाल्याची टायरं हे सगळं यात बसतं.

यावर पालिका काय करू शकते, ते कलम २३१ सांगतं. परवानगीशिवाय रस्त्यावर ठेवलेलं किंवा उभारलेलं सामान आयुक्त नोटीस न देता हटवू शकतात. ‘आम्हाला नोटीसच दिली नाही’ ही दुकानदारांची नेहमीची तक्रार असते. दुकानाबाहेर ठेवलेल्या सामानाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा टिकत नाही. लोक राहतात अशा झोपड्या किंवा जुनी बांधकामं यांची गोष्ट वेगळी. तिथे आधी सूचना द्यावी, ही अपेक्षा सुप्रीम कोर्टाने अहमदाबाद महापालिकेच्याच एका खटल्यात १९९६ साली मांडली होती. फुटपाथवर हक्क सांगता येत नाही, पण माणसाला एका रात्रीत उचलूनही टाकता येत नाही, असा त्या निकालाचा समतोल आहे.

परवानगी मिळण्याची वाटही कायद्यातच आहे. रस्त्यालगतच्या इमारतीला छज्जा, बाल्कनी, ऊन-पावसासाठी छत असं काही रस्त्यावर काढायचं असेल, तर कलम २२७ खाली आयुक्त लेखी परवानगी देऊ शकतात. पण ती त्यांनी घातलेल्या अटींवर मिळते आणि पुढे नोटीस देऊन ते बांधकाम काढायलाही सांगता येतं. परवानगी मिळाली म्हणून तेवढी हवा आपली झाली, असं नाही.

मंडपाची परवानगी

दांडिया बाजार, रावपुरा आणि जुन्या शहरातल्या पोळांत गणेशोत्सव म्हणजे मराठी घरांचा जीव की प्राण. आज तो साऱ्या वडोदऱ्याचा सण झाला आहे. त्याच्या पाठोपाठ नवरात्र येतंच. या सणांसाठी कायद्यात कलम २३४ आहे. उत्सव आणि समारंभासाठी रस्त्यावर तात्पुरता मंडप घालायला पोलिसांच्या संमतीने लेखी परवानगी देता येते. यातले तीन शब्द महत्त्वाचे आहेत. तात्पुरता, संमती आणि लेखी. ‘दरवर्षी घालतो, साहेबांना माहीत आहे’ यातला एकही शब्द त्यात बसत नाही.

मंडपाच्या परवानगीसोबत आणखी काही कागद लागतात. विजेसाठी मध्य गुजरात वीज कंपनीचं तात्पुरतं कनेक्शन घ्यावं लागतं, मंडप मोठा असेल तर अग्निशमन दलाचा प्रश्न येतो आणि लाऊडस्पीकरला पोलिसांची वेगळी परवानगी लागते. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद ठेवायचा असतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. ते दिवस सरकार ठरवतं, मंडळ नाही.

महाराष्ट्रात हा वाद कोर्टापर्यंत गेला. ठाण्यातल्या एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई हायकोर्टाने २०१५ आणि २०१६ साली स्पष्ट केलं की सण साजरा करण्याचा हक्क आहे, पण त्यासाठी रस्त्यावर मंडप घालणं हा मूलभूत हक्क नाही. वाहतूक आणि पादचारी अडत असतील तर पालिका परवानगी नाकारू शकते. मंडपाच्या खड्ड्यांचा खर्च कुणाचा, हाही वाद आहेच. मुंबईत २०२५ च्या गणेशोत्सवाआधी एका खड्ड्यामागे १५,००० रुपये दंड जाहीर झाला आणि मंडळांनी आरडाओरड केल्यावर तो पुन्हा २,००० वर आणला गेला. मंडळाच्या खजिनदाराने हा खर्च वर्गणीच्या हिशेबात आधीच धरलेला बरा.

लारी-गल्ला : पावतीचा घोळ

सर्वांत जास्त माणसांचं पोट ज्यावर आहे, तो विषय लारीचा. गुजरातच्या शहरांमध्ये लारी-गल्ल्यांकडून ‘वहिवटी चार्ज’ घेतला जातो आणि त्याची पावती मिळते. अनेक जण ही पावती वर्षानुवर्षं जपून ठेवतात आणि कारवाईच्या दिवशी पुढे करतात. पण पावती एवढंच सांगते की अमुक दिवशी अमुक रक्कम भरली. त्या जागेवर बसण्याचा हक्क मिळाला, असं ती सांगत नाही. पावती म्हणजे परवाना नव्हे.

परवानगी आणि भाडं यांतला फरकही इथेच कळतो. दुकान भाड्याने घेतलं की जागेत काही हक्क येतो. परवानगी म्हणजे फक्त मुभा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात ‘लायसन्स’ची व्याख्या हीच आहे. एरवी जे बेकायदा ठरलं असतं ते करण्याची मुभा मिळते, मालमत्तेत हिस्सा मिळत नाही. म्हणून लारीची जागा ‘पागडी’ घेऊन दुसऱ्याला देण्याचे जे व्यवहार होतात, त्यांना कायद्यात काही आधार नाही. पैसे देणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

मग लारीवाल्याला काहीच संरक्षण नाही का? आहे, आणि चांगलं आहे. २०१४ साली संसदेने पथविक्रेता कायदा केला. फुटपाथवर व्यवसाय करणं हाही उपजीविकेचा हक्क आहे, पण त्याचं नियमन होऊ शकतं, असं सुप्रीम कोर्ट १९८९ पासून सांगत आलं होतं. त्याला या कायद्याने आकार दिला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

— शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं आणि विक्री प्रमाणपत्र द्यायचं.
— शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचं धोरण ठेवायचं.
— सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्यांना हटवायचं नाही.
— हटवायचं किंवा दुसरीकडे हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यायची.
— जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी परत द्यायचा, बाकीचा माल दोन कामाच्या दिवसांत. जप्तीची यादी देणं बंधनकारक.
— नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असायचे आणि त्यांत एक तृतीयांश महिला.
— प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही. विक्रेत्याचा मृत्यू झाला किंवा तो कायमचा अपंग झाला, तर जोडीदार किंवा अवलंबून असलेलं मूल व्यवसाय पुढे चालवू शकतं.

या कायद्याला इतर कायद्यांच्या वरचं स्थान दिलेलं आहे. म्हणजे ‘विनानोटीस हटवा’ म्हणणारं कलम २३१ दुकानदाराच्या स्टँडला लागू होईल, पण सर्वेक्षणात नाव असलेल्या विक्रेत्यावर ते तसंच्या तसं चालवता येत नाही. प्रमाणपत्र नसताना विक्री केली तर मात्र दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पीएम स्वनिधीचं कर्जही प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा पालिकेच्या शिफारशीवरच मिळतं. २०२० मध्ये ते १० हजार रुपयांपासून सुरू झालं होतं. म्हणजे बँकेच्या दारातही हाच कागद उपयोगी पडतो.

परवानगीचा प्रश्न कुठे भरकटू शकतो, हे वडोदऱ्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये पाहिलं. राजकोटपाठोपाठ इथेही अंडी आणि मांसाहारी पदार्थांच्या लाऱ्या झाकून ठेवा, मुख्य रस्त्यांवरून हटवा, अशा सूचना निघाल्या. मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांना खुलासा करावा लागला की प्रश्न शाकाहारी-मांसाहारीचा नाही, आरोग्य आणि वाहतुकीचा आहे. डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या विक्रेत्यांच्या याचिकेवर गुजरात हायकोर्टाने तिथल्या महापालिकेला खडसावलं, की लोकांनी काय खावं हे तुम्ही कसं ठरवणार? कारवाई फक्त अतिक्रमणावर असल्याचं पालिकेने सांगितलं. रस्ता अडतो म्हणून लारी हटवता येते. लारीवर काय शिजतं ते आवडत नाही म्हणून हटवता येत नाही.

वडोदऱ्यातून निघालेला, देशाला लागू झालेला आदेश

रस्त्यावरच्या धार्मिक बांधकामांविषयी आज देशभर जो नियम आहे, त्याची सुरुवात याच शहरात झाली. मे २००६ च्या पहिल्या दिवशी जुन्या शहरातला एक दर्गा महापालिकेच्या कारवाईत पाडला गेला. त्यानंतर हिंसाचार उसळला आणि माणसं मृत्युमुखी पडली. दुसऱ्याच दिवशी गुजरात हायकोर्टाने स्वतःहून दखल घेऊन सार्वजनिक जागेवरची सगळी धार्मिक अतिक्रमणं कुठलाही भेद न करता हटवण्याचा आदेश दिला. केंद्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

तो खटला पुढे देशाचा झाला. २९ सप्टेंबर २००९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यापुढे रस्ता, बाग किंवा सार्वजनिक जागेवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा नावाने कुठलंही अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. आधीची जी आहेत, त्यांचा राज्यांनी एकेक करून विचार करायचा. १८ जानेवारी २०१३ ला त्याच खटल्यात रस्त्यावर पुतळे बसवायलाही परवानगी देऊ नये, असा आदेश आला. २०१८ मध्ये देखरेखीचं काम त्या त्या राज्याच्या हायकोर्टाकडे गेलं. महाराष्ट्रात अशा बांधकामांची अ, ब, क अशी वर्गवारी झाली, तीही याच खटल्यामुळे. म्हणून चौकात पुतळा किंवा झाडाखाली नवी देवळी उभारताना नगरसेवकाने तोंडी ‘होऊन जाईल’ म्हटलं, तरी त्यावर विसंबू नये.

खोदकाम आणि होर्डिंग

रस्ता खोदणाऱ्याने आधी परवानगी घ्यायची, खड्ड्याभोवती कठडा आणि रात्री दिवा ठेवायचा आणि काम झाल्यावर रस्ता पूर्ववत करायचा, हे जुन्या कायद्यातच आहे. मोबाइल कंपन्यांसाठी केंद्राने २०१६ मध्ये ‘राइट ऑफ वे’चे वेगळे नियम केले. त्यात ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरण्याची तरतूद आली. १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या जागी नवे नियम लागू आहेत. लारीवाल्याच्या अर्जाला मात्र अशी ‘मानीव’ परवानगी मिळत नाही. कंपनी असो की लारी, दोघांनाही जागा तीच हवी असते, पण घड्याळ दोघांसाठी वेगळं चालतं.

होर्डिंगसाठी कलम २४४ आणि २४५ आहेत. त्यांचं महत्त्व १३ मे २०२४ ला घाटकोपरने दाखवून दिलं. तिथे कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना उभं होतं १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग. वादळात ते पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ जण गेले. जागा रेल्वे पोलिसांची, मग पालिकेची परवानगी लागते की नाही, हा वाद दुर्घटनेनंतर रंगला. तो आधी सुटायला हवा होता.

परवानगी दिली, जबाबदारी उरली

१८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. तलाव सार्वजनिक होता आणि चालवायला खासगी हातात दिलेला होता. करार होता, कागद होता. गुजरात हायकोर्टाने दखल घेतली तेव्हा प्रश्न कागदाचा उरलाच नव्हता. दिलेल्या परवानगीच्या अटी कुणी तपासल्या, हे विचारलं गेलं. रस्ता असो की तलाव, सही करून पालिकेचं काम संपत नाही. मंडपाचा खांब, होर्डिंगचा पाया, खड्ड्याचा कठडा हे नंतर जाऊन बघावंच लागतं.

अर्ज करणाऱ्याने आणि तक्रार करणाऱ्याने काय करावं?

१. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी लेखी विचारा.

२. अर्जात जागेचं माप, नकाशा, दिवस आणि वेळ स्पष्ट लिहा. पादचाऱ्यांना आणि अग्निशमनच्या गाडीला किती जागा सुटते, तेही दाखवा.

३. अर्जाची पोच घ्या. तोंडी होकारावर खर्च करू नका.

४. परवानगीच्या अटी मराठी-गुजराती जाणणाऱ्याकडून नीट वाचून घ्या, विशेषतः मुदत आणि रद्द करण्याचं कलम.

५. पथविक्रेत्याने सर्वेक्षणात नाव आहे का ते तपासावं. माल उचलला तर यादी मागावी, भांडत बसू नये.

६. तक्रारदाराने ‘या मंडपाला, शेडला परवानगी आहे का, तिची प्रत द्या’ असा माहिती अधिकाराचा अर्ज करावा. गुजरातमध्ये त्याची फी २० रुपये आहे, महाराष्ट्रात १०. अर्ध्याहून अधिक वाद या एका प्रतीने मिटू शकतात.

७. रस्ता पूर्ण अडला असेल तर पोलिसांकडेही जाता येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार सार्वजनिक वाटेत अडथळा केल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

रस्त्याच्या जागेला बाजारभाव लावता येत नाही, म्हणून ती फुकट आहे असं वाटतं. ती फुकट नसते. दुकानाचं शेड दोन फूट पुढे आलं की ते दोन फूट शाळेत जाणाऱ्या मुलाच्या, काठी टेकत चालणाऱ्या आजीच्या वाट्यातून गेलेले असतात. दुसऱ्या बाजूला, त्याच दोन फुटांत एखाद्या बाईची भाजीची टोपली मावते आणि तिचं घर चालतं. परवानगीची सगळी व्यवस्था आहे ती या दोघांमध्ये उघडपणे, लेखी आणि सगळ्यांना सारखा निवाडा व्हावा म्हणून. तो निवाडा वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर झाला नाही, तर दबाण शाखेच्या गाडीपुढे होतो. आणि तिथे ज्याच्याकडे कागद नाही, त्याचंच सामान आधी उचललं जातं.